ऑफ-रोड गाडीची टप्प्याटप्प्याने उभारणी : आधी आराखडा, मग खरेदी

चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरविणारी एखादी जुनी गाडी विकत घ्यावी, ती आपल्या आवडीप्रमाणे घडवावी आणि सह्याद्रीतील कच्च्या वाटांवरून, चिखलातून, ओढ्यांतून न्यावी, हे स्वप्न शहरांतील अनेक वाहनप्रेमी बाळगून असतात. गाडी दारात येताच उत्साहाच्या भरात खरेदी सुरू होते. प्रथम मोठे टायर, मग पुढच्या बाजूला विंच, त्यानंतर टपावर दिव्यांची रांग. वर्ष-दीड वर्षात मात्र चित्र पालटते. मोठ्या टायरमुळे चढावर इंजिन धापा टाकू लागते, क्लच लवकर झिजतो, ब्रेक अपुरे पडतात, वाढलेल्या वजनामुळे पुढचे पाटे बसतात आणि एवढा खर्च करूनही गाडी गॅरेजमध्येच उभी राहते.

यात दोष गाडीचा नसतो आणि पैशांचाही नसतो. दोष क्रमाचा असतो. मोटारीचे भाग एकमेकांत गुंतलेले असतात. एक बदलला की त्याचा भार दुसऱ्यावर पडतो आणि तोही बदलण्याची वेळ येते. म्हणूनच मर्यादित उत्पन्नात ऑफ-रोड गाडी उभी करायची असेल, तर संपूर्ण आराखडा प्रथम कागदावर तयार करणे आणि खरेदी मात्र ठराविक टप्प्यांनी करणे, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

उदाहरणादाखल जिप्सी

भारतात अशा गाड्यांची परंपरा जुनी आहे. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. मारुतीची जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये ९७० सीसीच्या लहान पेट्रोल इंजिनासह बाजारात आली. १९९६ मध्ये तिला १.३ लिटरचे इंजिन मिळाले आणि ती ‘जिप्सी किंग’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे इंधन अंतःक्षेपणाची प्रणाली बसवल्यानंतर या इंजिनाची ताकद ८० अश्वशक्तीपर्यंत गेली. २०१८-१९ च्या सुमारास जिप्सीचे उत्पादन थांबले. महिंद्रची थार २०१० मध्ये आली आणि तिची पूर्णपणे नवी आवृत्ती २ ऑक्टोबर २०२० रोजी सादर झाली. मारुतीची पाच दरवाजांची जिम्नी जून २०२३ मध्ये भारतीय बाजारात दाखल झाली.

टप्प्याटप्प्याच्या उभारणीसाठी जुनी जिप्सी हे उत्तम उदाहरण आहे. तिची रचना साधी आहे. स्वतंत्र पोलादी चॅसिस, पुढे आणि मागे अखंड अ‍ॅक्सल, चारही चाकांवर पाट्यांचे स्प्रिंग आणि गरजेपुरतेच जोडता येणारे पुढच्या चाकांचे चलन असे तिचे स्वरूप आहे. वजन सुमारे एक टन, म्हणजे या वर्गातील गाड्यांत अत्यंत कमी. हा हलकेपणा हेच तिचे सर्वात मोठे बळ आहे आणि अविचाराने केलेल्या बदलांत सर्वप्रथम तेच हरवते. येथे मांडलेली तत्त्वे जुन्या थारला किंवा महिंद्रच्या जुन्या जीपलाही बहुतांशी लागू पडतात.

कायद्याची चौकट

आराखड्यातील पहिली ओळ कायद्याची असावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूलतः दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये मालकासाठी शिक्षेची तरतूद झाली. नियमबाह्य बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकते. गाडीच्या पुढे बसवल्या जाणाऱ्या लोखंडी क्रॅश गार्डबाबत केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईची सूचना दिली होती. असे गार्ड पादचाऱ्यांना घातक ठरतात आणि एअरबॅग असलेल्या गाड्यांत त्यांच्या कार्यात बाधा आणू शकतात.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की नोंदणीकृत आणि रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा आराखडा आणि केवळ स्पर्धेसाठी तयार होणाऱ्या, मैदानापर्यंत ट्रेलरवरून न्यायच्या गाडीचा आराखडा हे दोन निराळे विषय आहेत. इंजिन बदलणे, चॅसिस कापणे, अ‍ॅक्सल पाट्यांच्या वरून खाली घेऊन गाडी चार-पाच इंच उंच करणे ही दुसऱ्या प्रकारातील कामे होत. रोज कार्यालयात आणि सुटीच्या दिवशी मावळात जाणाऱ्या गाडीसाठी ती नव्हेत. टायरचा आकार किंवा गाडीची उंची यांत बदल करण्याचा विचार असल्यास खरेदीपूर्वीच परिवहन कार्यालयाकडे चौकशी करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. अपघातानंतर न कळवलेला बदल उघड झाला, तर भरपाईचा दावा फेटाळला जाण्याची शक्यता असते. काही हजार रुपयांच्या सुट्या भागासाठी लाखांचे विमा संरक्षण धोक्यात घालणे परवडणारे नाही.

गाडी पंधरा वर्षांपेक्षा जुनी असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तिची तपासणीही व्हावी लागते. जुनी गाडी विकत घेतानाच तिच्या कागदपत्रांचे उरलेले आयुष्य पाहून घ्यावे.

आराखडा शेवटापासून सुरुवातीकडे

कागदावर आराखडा मांडताना शेवटचे चित्र आधी निश्चित करावे. गाडी नेमकी कोठे जाणार आहे? वर्षातून दोनदा कोकणातील लाल मातीच्या वाटांवर, महिन्यातून एकदा मावळातील चिखलात, की गोव्यात झालेल्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’सारख्या खडतर स्पर्धेत? पहिल्या दोन गरजांना लागणारा खर्च तिसऱ्याच्या तुलनेत अगदीच थोडा असतो.

त्यानंतर ठरवायचा तो टायरचा अंतिम आकार. संपूर्ण आराखडा याच एका आकड्यावर उभा राहतो. सस्पेन्शन किती उंच हवे, गिअरचे गुणोत्तर बदलावे लागेल की नाही, ब्रेकवर किती ताण येईल, सुटे चाक कोठे बसेल, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळतात. आज एका आकाराचे टायर आणि दोन वर्षांनी त्याहून मोठे टायर घेणाऱ्याचा पहिला खर्च जवळजवळ वाया जातो.

आकड्यांत पाहू. अनेक जिप्सींना २०५/७० आर १५ या मापाचे टायर असतात. त्यांचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर भरतो. २१५/७५ आर १५ घेतल्यास व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर, म्हणजे ५ टक्क्यांनी अधिक होतो. २३५/७५ आर १५ घेतल्यास तो सुमारे ७३४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १० टक्क्यांनी अधिक होतो. अ‍ॅक्सलखालची मोकळी जागा व्यासवाढीच्या निम्म्याने वाढते. पहिल्या पर्यायात ती सुमारे १८ मिलिमीटर, तर दुसऱ्यात ३३ मिलिमीटर वाढते. मात्र दुसऱ्या पर्यायात जमिनीवर पोहोचणारे ओढण्याचे बळ प्रत्येक गिअरमध्ये सुमारे ९ टक्क्यांनी घटते आणि वेगमापक १०० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ११० च्या जवळपास धावत असते. ८० अश्वशक्तीच्या इंजिनाला ही घट जाणवल्याशिवाय राहत नाही. म्हणूनच मर्यादित खर्चाच्या आराखड्यात पहिला, म्हणजे ५ टक्के वाढीचा पर्याय बहुधा अधिक योग्य ठरतो.

पहिला टप्पा : गाडी निरोगी करणे

या टप्प्यात गाडीत नवीन असे काहीच दिसत नाही. त्यामुळेच तो सर्वाधिक टाळला जातो. परंतु जुन्या गाडीच्या खर्चातील सर्वात मोठा वाटा येथेच जायला हवा. जंगलातील वाटेवर बंद पडणाऱ्या गाड्या बहुतेक वेळा झिजलेला पट्टा, फाटका होज, सैल तार किंवा गळके रेडिएटर अशा साध्या कारणांनी बंद पडतात.

तपासणीची सुरुवात चॅसिसपासून करावी. किनारपट्टीवर वापरलेल्या गाडीत पाट्यांच्या आधारांजवळ आणि चॅसिसच्या आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांत गंज दडलेला असतो. वरून रंग दिलेला असला तरी हातोडीच्या हलक्या ठोक्याने तो उघड होतो. चॅसिस आतून पोकळ झाली असेल तर पुढचा कोणताही खर्च व्यर्थ आहे. त्यानंतर ब्रेकचे लाइनर, सिलिंडर आणि रबरी होज, स्टिअरिंगचे सांधे, चाकांचे बेअरिंग, पाट्यांचे बुश, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, इंजिन व गिअरबॉक्सचे माउंटिंग आणि रेडिएटर यांची क्रमाने पाहणी करावी. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरेन्शियल यांतील तेल एकदाच बदलून टाकावे. मागील मालकाने ते केव्हा बदलले होते, याचा भरवसा नसतो. बदललेल्या तेलात धातूचा चुरा आढळला किंवा तेल दुधाळ दिसले, तर पुढील दुरुस्तीची सूचना वेळीच मिळते.

चारही चाकांचे चलन प्रत्यक्षात कार्य करते की नाही, हेही याच वेळी पाहावे. पुढील चाकांचे फ्री-व्हील हब वर्षानुवर्षे न वापरल्याने जाम झालेले असतात. ही चाचणी सैल मातीवर घ्यावी. कोरड्या डांबरी रस्त्यावर अशा प्रकारचे फोर-व्हील ड्राइव्ह जोडून वळण घेतल्यास पुढच्या व मागच्या चाकांच्या वेगातील फरकाचा ताण गिअरच्या दात्यांवर येतो.

दुसरा टप्पा : सुटकेची साधने आणि प्रशिक्षण

गाडी निरोगी झाली की पुढची खरेदी टायरची नव्हे, तर अडकलेली गाडी सुरक्षितपणे बाहेर काढण्याच्या साधनांची करावी. मूळ टायरवरील गाडीही योग्य हाताळणीने बरेच अंतर कापते, परंतु अडकल्यावर ती बाहेर काढण्याची तयारी नसेल तर सहल संकटात रूपांतरित होते.

सर्वात आधी चॅसिसला भक्कम बोल्टने जोडलेले, पुढे आणि मागे प्रत्येकी किमान एक असे ओढण्याचे आधारबिंदू हवेत. बंपर, ट्रेलर जोडण्याचा गोळा किंवा गाडी वाहून नेताना बांधण्यासाठी दिलेली कडी यांना दोर अडकवून झटक्याने ओढणे प्राणघातक ठरू शकते. तुटलेला लोखंडी गोळा बंदुकीच्या गोळीप्रमाणे उडतो. ऑस्ट्रेलियात अशा अपघातांत माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यानंतर नायलॉनचा ताणला जाणारा दोर, भारक्षमता कोरलेल्या दोन शॅकल, झाडाला इजा न करणारा रुंद पट्टा, चामडी हातमोजे, फावडे आणि जॅकखाली ठेवण्यासाठी जाड लाकडी फळी घ्यावी. शॅकलवर क्षमता कोरलेली नसेल तर ती घेऊ नये. पाऊण इंची चांगल्या शॅकलवर ४.७५ टन असा आकडा आढळतो. नायलॉनचा दोर ताणला जाऊन सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लांबतो आणि झटका शोषून घेतो. साखळी, पोलादी दोर किंवा रस्त्यावर ओढण्याचा साधा पट्टा यांनी झटका देऊन गाडी ओढू नये. ओढताना बघ्यांना दोराच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर उभे करावे.

याच टप्प्यातील आणखी दोन स्वस्त वस्तू म्हणजे हवेचा दाब मोजणारे विश्वासार्ह मापक आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर. हवा कमी केल्यावर टायरचा जमिनीशी होणारा स्पर्श लांबीने वाढतो आणि पकड सुधारते. रस्त्यावर २६ ते ३० पीएसआय असलेला दाब चिखलात १५ ते १८ पर्यंत आणि मऊ वाळूत त्याहून थोडा कमी करता येतो. मात्र वेग कमी ठेवावा लागतो, तीव्र वळणे टाळावी लागतात आणि डांबरी रस्त्यावर परतण्यापूर्वी हवा पुन्हा भरावीच लागते. दाब फार कमी झाला तर टायर रिमवरून निसटतो. ट्यूब असलेल्या टायरमध्ये ट्यूब फिरून तिचा व्हॉल्व्ह तुटण्याचाही धोका असतो. हजारो रुपयांच्या नव्या टायरमधून जो लाभ मिळायचा, त्याचा मोठा भाग या दोन साधनांतून मिळतो.

प्रशिक्षणाचा खर्चही याच टप्प्यात धरावा. इगतपुरी येथे महिंद्रने ऑफ-रोड वाहनचालनाच्या प्रशिक्षणासाठी खास मैदान विकसित केले होते. अनुभवी चालकांच्या समूहाबरोबर खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने केलेले सराव-दिवसही तितकेच उपयोगी पडतात. राखीव वनक्षेत्रात परवानगीशिवाय गाडी नेणे हा गुन्हा आहे. कोणत्या वाटेवर कोणता गिअर घ्यावा, चाक कोठून न्यावे आणि कोठे थांबून खाली उतरावे, हे कळू लागले की पुढील टप्प्यांत नेमके काय घ्यायचे हेही आपोआप स्पष्ट होते. त्यामुळे आराखड्यातील काही वस्तू खोडल्या जातात, हा या टप्प्याचा आणखी एक लाभ.

तिसरा टप्पा : टायर

आता आधीच ठरवलेल्या आकाराचे टायर घ्यावेत. शहरी मालकाची गाडी वर्षातील बहुतेक दिवस डांबरावर धावते. त्यामुळे चिखलासाठीच्या खोल खाचांच्या टायरऐवजी सर्व प्रकारच्या जमिनीसाठी बनवलेले ऑल-टेरेन टायर अधिक हितकारक ठरतात. केवळ चिखलाचे टायर ओल्या डांबरावर कमी पकडतात, आवाज अधिक करतात आणि लवकर झिजतात. मात्र देशावरील काळ्या मातीत पावसाळी फेऱ्या हाच मुख्य उद्देश असेल, तर हिशेब बदलतो. ती चिकण माती खाचांत भरून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. अशा वेळी रुंद, स्वतःहून माती झटकणाऱ्या खाचा उपयोगी पडतात.

टायरवर कोरलेला भारक्षमता निर्देशांक आणि वेग-वर्ग मूळ टायरपेक्षा कमी नसावा. खरेदी चार नव्हे तर पाच टायरची करावी. अर्धकालीन फोर-व्हील ड्राइव्हमध्ये वेगळ्या व्यासाचे सुटे चाक लावून चारही चाके जोडल्यास यंत्रणेवर ताण येतो. नवे टायर बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि एका बाजूची चाके उंचवट्यावर चढवून टायर कोठे घासतो का, हे पाहावे. विशेषतः ब्रेकच्या होजवर लक्ष ठेवावे.

चौथा टप्पा : संरक्षण आणि पाणी

टायरनंतर गाडीची पोहोच वाढते आणि त्याबरोबर तिच्या पोटाला दगड लागण्याचा संभवही वाढतो. इंजिनाची तेलाची टाकी, ट्रान्सफर केस, इंधनाची टाकी आणि स्टिअरिंगचा दांडा यांना जाड पत्र्याच्या संरक्षक पट्ट्या लावाव्यात. त्या बसवताना तेल बदलण्याचे बोल्ट मोकळे राहतील आणि चिखल साचून इंजिन तापणार नाही, याची काळजी घ्यावी.

सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित सुधारणा म्हणजे डिफरेन्शियल आणि गिअरबॉक्स यांच्या श्वासनलिका उंचावणे. बराच वेळ चालून तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतील हवा आकसते आणि अ‍ॅक्सल बाहेरचे पाणी शोषून घेतो. त्या जागी रबरी नळ्या जोडून त्यांची टोके इंजिनकक्षात उंच नेल्यास हा धोका टळतो. इंजिनाला हवा पुरविणारा मार्ग किती उंचीवर आहे, हेही टेपने मोजून ठेवावे. पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा स्टार्टर मारून सुरू करण्याचा मोह म्हणूनच टाळावा. स्नॉर्केल लावल्याने हवेचा मार्ग उंचावतो, पण वाहत्या पाण्याचा रेटा कमी होत नाही. जेथे माणूस पायी पार होऊ शकत नाही, तेथे एक टन वजनाची गाडी नेऊ नये.

पाचवा टप्पा : सस्पेन्शन

गाडी उंच केली की ती सर्व बाजूंनी उंच होते, असा समज रूढ आहे. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीबाबत तो अर्धसत्य आहे. पाटे उंच केल्याने चॅसिस आणि बॉडी वर जातात. अ‍ॅक्सलच्या मधोमध असलेला डिफरेन्शियलचा गोळा मात्र जमिनीपासून पूर्वी होता तेवढ्याच अंतरावर राहतो. तो वर उचलण्याचे काम केवळ मोठे टायरच करतात. सस्पेन्शनचा खरा लाभ चाकांना वर-खाली होण्यास अधिक वाव मिळण्यात आहे. खड्ड्यात उतरलेले चाक जमिनीला टेकून राहिले, तरच त्याला पकड मिळते.

जुन्या जिप्सीत बसलेले पाटे बदलून त्याच मापाचे नवे पाटे आणि चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवल्यासच हरवलेली उंची व लवचीकता बरीचशी परत मिळते. हा पर्याय कायद्याच्या दृष्टीनेही निर्धोक आहे. केवळ लांब शॅकल पट्ट्या लावून स्वस्तात उंची मिळविण्याचा मार्ग टाळावा. त्याने पुढच्या अ‍ॅक्सलचा कोन बदलतो आणि वेगात स्टिअरिंग भरकटू लागते. उंचीत केलेल्या कोणत्याही वाढीबरोबर ब्रेक होजची लांबी, प्रॉपेलर शाफ्टचा कोन आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरची लांबी तपासावीच लागते. गुरुत्वमध्य वर गेल्याने घाटातील वळणावर गाडी कलंडण्याचा धोकाही वाढतो. टपावर लोखंडी रॅक आणि सामान चढवल्यास त्यात भर पडते.

अखेरचा टप्पा : लॉकर आणि विंच

साध्या डिफरेन्शियलचा स्वभाव असा, की एक चाक हवेत फिरू लागले की दुसऱ्यालाही तेवढेच क्षीण बळ मिळते. डिफरेन्शियल लॉक दोन्ही चाके एकत्र बांधतो आणि जमिनीवरील चाकाला बळ मिळते. थारच्या काही आवृत्त्यांत यांत्रिक लॉक कारखान्यातूनच येतो, तर जिम्नीत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून तोच परिणाम साधला जातो. नवी गाडी घेणाऱ्याने या सुविधा सुरुवातीलाच निवडणे नंतर बसवण्यापेक्षा स्वस्त पडते. जिप्सीत लॉकर बसवताना मात्र अ‍ॅक्सलच्या अर्ध्या दांड्यांवर येणारा वाढीव ताण लक्षात घ्यावा.

विंच हा अनेकांच्या यादीत पहिला असतो. आराखड्यात त्याचे स्थान शेवटचे आहे. एकट्याने दुर्गम भागात जाणाऱ्यासच त्याची खरी गरज भासते. दोन-तीन गाड्यांच्या समूहात दोर आणि शॅकल बहुतेक प्रसंगी पुरतात. घ्यायचाच झाल्यास सामानासह गाडीच्या एकूण वजनाच्या किमान दीडपट क्षमतेचा घ्यावा. विंचची जाहीर क्षमता ही ड्रमवर दोराचा एकच थर असतानाची असते. थर वाढतात तशी ती घटते. पूर्ण ताणात तो शेकडो अँपिअर वीज ओढतो. त्यामुळे बॅटरी व अल्टर्नेटरची तयारीही हवी. विंच आणि तो पेलणारा आधार यांचे वजन गाडीच्या नाकावर पडते आणि पुढच्या पाट्यांना ते सोसावे लागते. तो आधार नियमांत बसतो की नाही, हे वेगळे तपासावे लागते.

खर्चाचे गणित

समजा, एखाद्या कुटुंबाला या छंदासाठी दरमहा ५,००० रुपये बाजूला काढणे शक्य आहे. तीन वर्षांत १,८०,००० रुपये जमतात. यात गाडीची किंमत, विमा आणि इंधन धरलेले नाही. त्यातील ५०० रुपये दरमहा आकस्मिक दुरुस्तीसाठी वेगळे ठेवावेत. ही रक्कम तीन वर्षांत १८,००० होते. उरलेल्या ४,५०० रुपयांतून टप्पे पुढीलप्रमाणे आखता येतील. पहिले १० महिने, म्हणजे ४५,००० रुपये, दुरुस्तीसाठी. पुढील ६ महिने, म्हणजे २७,००० रुपये, सुटकेची साधने व प्रशिक्षण यांसाठी. त्यानंतरचे १० महिने, म्हणजे ४५,००० रुपये, पाच टायरसाठी. मग ४ महिने, म्हणजे १८,००० रुपये, संरक्षक पत्रे आणि श्वासनलिका यांसाठी. शेवटचे ६ महिने, म्हणजे २७,००० रुपये, सस्पेन्शनसाठी. लॉकर आणि विंच या तीन वर्षांत बसत नाहीत. त्यांची खरोखरच गरज आहे की नाही, हे तोपर्यंतच्या अनुभवावरून ठरवता येते.

हे आकडे बाजारभाव नव्हेत, तर स्वतःवर घालून घ्यायच्या मर्यादा होत. एखाद्या टप्प्याचा खर्च मर्यादेबाहेर गेला, तर पुढच्या टप्प्यातून उसने न घेता मुदत लांबवावी. हप्त्यांवर किंवा क्रेडिट कार्डावर सुटे भाग घेण्याचा मोह टाळावा. छंदाच्या वस्तूवर व्याज भरणारा मालक बहुधा ब्रेकचे लाइनर बदलण्याचे पैसे पुढे ढकलतो. प्रत्येक टप्प्यानंतर किमान दोन-तीन सहली करूनच पुढची खरेदी करावी. एका वेळी एकच बदल केलेला असला, म्हणजे नवा आवाज किंवा नवा दोष कोठून आला हे शोधणे सोपे जाते. बदललेल्या प्रत्येक भागाची तारीख, किलोमीटर आणि पावती एका वहीत नोंदवून ठेवावी. तपासणीच्या वेळी, विम्याच्या दाव्यात आणि गाडी विकताना ही वही उपयोगी पडते.

वजनाची वही

त्याच वहीत आणखी एक रकाना असावा, वजनाचा. बसवलेल्या प्रत्येक वस्तूचे किलो त्यात लिहावेत आणि काढलेल्या वस्तूंचे वजा करावेत. पोलादी बंपर, विंच, रॅक, इंधनाचे डबे आणि मोठे टायर यांची बेरीज पाहता पाहता दोन-तीन प्रवाशांच्या वजनाइतकी होते. एक टनाच्या गाडीला हा भार मोठा आहे. मूळ इंजिन, मूळ ब्रेक आणि मूळ पाटे यांनाच तो उतारावर पेलायचा असतो. ज्या जिप्सीने हलकेपणाच्या बळावर लष्करात आणि अभयारण्यांत वर्षानुवर्षे सेवा बजावली, तिला जड करून मग त्या जडपणावर उपाय म्हणून आणखी भाग विकत घेणे हा उलटा प्रवास होय.

तीन वर्षांनंतर अशा आराखड्यातून उभी राहिलेली गाडी छायाचित्रात फारशी वेगळी दिसत नाही. टायर थोडे मोठे, पोटाखाली पत्रे, मागच्या बाजूला नीट बांधलेली दोराची पिशवी, एवढाच काय तो फरक. परंतु तिचे ब्रेक लागतात, तिची कागदपत्रे तपासणीला उतरतात आणि ओढ्यापलीकडे गेलेली माणसे अंधार पडण्यापूर्वी घरी परततात. मर्यादित उत्पन्नातील वाहनप्रेमीने खर्च करायचा तो याचसाठी.